हलगी आत, माणसं बाहेर

मी ‘आमची टीम’ म्हणालो की माझी मुलगी हसते. ‘‘पप्पा, इट्स नॉट युअर कॉलेज. यू ओन्ली ड्रोव्ह देअर बस.’’ खरं आहे. मी नववीत शाळा सोडली. कॉलेजची पायरी पहिल्यांदा चढलो ती कतारला, दोह्यात, आणि तीही बाहेरचं ऊन सहन होईना म्हणून.

त्याआधी बरीच वर्षं मी अल खोरच्या कॅम्पातून रास लफानच्या गॅस प्लांटवर जाणाऱ्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होतो. सकाळी माणसं भरायची, संध्याकाळी आणून सोडायची. मग पदरमोड करून, दहा जणांशी भांडून स्वतःची मिनीबस घेतली, आणि शुक्रवार-शनिवारचं काम शोधताना एका कॉलेजची बास्केटबॉल टीम गिऱ्हाईक म्हणून मिळाली. मुलांना मॅचला सोडायचं आणि संपेपर्यंत थांबायचं. मी गाडीत एसी लावून बसायचो. एका मे महिन्यात एसी बसला. पार्किंगमध्ये उभं राहणं म्हणजे तव्यावर उभं राहणं होतं, म्हणून मुलांच्या मागोमाग हॉलमध्ये शिरलो आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

मला खेळ कळत नव्हता, पण सौदा कळत होता. माझं खरं शिक्षण आठवडी बाजारात झालंय, आईच्या भाजीच्या पाटीशेजारी. चेंडूवाला पोरगा उजवीकडे बघतो, उजवा खांदा टाकतो. समोरच्याला वाटतं, हा उजवीकडून जाणार. त्यानं तो भाव मान्य केला की हा डावीकडून पसार. आणि माल फार वेळ हातात ठेवायचा नाही, ठरलेल्या वेळात टाकायचाच, नाहीतर गेला. मी म्हटलं, अरे, हा तर आपला धंदा आहे! पुढच्या मॅचला एसी दुरुस्त झाला होता, तरी मी आत जाऊन बसलो.

तेव्हा बघायला कुणी यायचं नाही. स्टँडमध्ये दोन-चार पोरं मोबाइलवर, एखाद्याची आई, बाकी रिकाम्या खुर्च्या. टीमही यथातथाच. कोचनंच एकदा मला विचारलं, तुझे मित्र असतील तर आण, जरा आवाज होईल. मित्र होतेच. अल खोरच्या कॅम्पात आपली माणसं भरपूर, आणि सुट्टीच्या दिवशी खोलीत पडून छताकडे बघण्यापलीकडे त्यांना काही उद्योग नव्हता. मी पहिल्यांदा पाच-सहा जण नेले, मग गाडी भरायला लागली.

त्यांत दोघं महत्त्वाचे. एक रत्नागिरीचे चाचा. ते ड्रायव्हरच होते, वयानं आम्हां सगळ्यांत मोठे, डोक्यावर जाळीची टोपी आणि जिभेला हाड नाही. दुसरा आमचा हलगीवाला. कराडकडचा, परांच्या बांधणारा, दिवसभर उंचावर लटकून पाइप जोडणारा माणूस. बोलायला कमी. गावी कुस्तीच्या फडात त्याचे वडील हलगी वाजवायचे, आणि तो सुट्टीवरून येताना बॅगेत कपड्यांच्या आत गुंडाळून एक हलगी घेऊन आला होता. कॅम्पात वाजवली की शेजारचे भिंत ठोकायचे. मी म्हटलं, चल, तुला वाजवायला जागा देतो.

दरवर्षी मोसमाच्या शेवटी अजिंक्यपदाचा शनिवार-रविवार असतो. म्हणजे आपल्याकडचा शनिवार-रविवार, इथला शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी उपांत्य सामने, शनिवारी फायनल. त्या दोन दिवसांसाठी लोक महिनाभर आधी ड्युट्या बदलून घ्यायचे. कुणी कुणाची रात्रपाळी घ्यायची, कुणाची कोण, यावरून जेवढी भांडणं झाली तेवढी गावच्या वाटणीत होत नाहीत. शुक्रवारी दुपारी नमाज झाली की चाचा गाडीत येऊन बसणार आणि म्हणणार, ‘‘यल्ला, यल्ला, चला, मॅच काय तुमच्या सासऱ्याची आहे थांबायला?’’ आणि आम्ही अल खोरहून निघणार. मॅच झाली की दोह्यातच अल मन्सूऱ्यात जेवण. तिथं एका ओळखीच्या खोलीवर चटया टाकून सगळे आडवे व्हायचे, म्हणजे सकाळी परत तेवढं अंतर कापायला नको. आमची टीम शुक्रवारीच हरायची. वर्षानुवर्षं हरली. तरी शनिवारी आम्ही दुसऱ्यांची फायनल बघायला जायचो आणि दोन्ही टीमना नावं ठेवायचो.

हॉलचं दार उघडलं की चाचा पुढं. या वयातही ते असे पळायचे की बघत राहावं. खिशातून रुमालांचा गठ्ठा काढायचे आणि टीमच्या बाकामागच्या खुर्च्यांवर एकेक टाकत जायचे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून ज्यानं आयुष्यभर जागा धरली, त्याला दुसरं काय सुचणार? पहिल्या वर्षी कॉलेजची पोरं हसली. एकानं रुमाल उचलून बाजूला ठेवला आणि बसला. चाचांनी त्याला हिंदीत समजावलं, ‘‘बेटा, ये रुमाल नहीं है, ये आदमी है.’’ पोरगा उठला. पुढच्या वर्षापासून त्या खुर्च्यांना कुणी हात लावला नाही.

आणि हलगी! आमच्या पोरानं बास्केट केली की हलगी कडाडायची. समोरच्या टीमचे लोक माना वळवून बघायचे. आमची पोरं बाकावरून उठून आमच्याकडे बोट करायची. एक-दोघांना ठेका इतका आवडला, की चेंडू हातात घेऊन त्या तालावर उड्या मारायचे. सगळ्यांत पुढं असायचा एक इथंच वाढलेला भारतीय पोरगा, टीममधला बदली खेळाडू. एकदा मॅचनंतर तो रेकॉर्ड करायला फोन घेऊन आला. ‘‘अंकल, कॅन ही प्ले फॉर मी?’’ हलगीवाल्यानं मान हलवली आणि वाजवलं. नुसतं वाजवलं नाही, जीव ओतला. घाम निथळत होता, आणि फोनसमोर उभा असल्यामुळे तोंडावर लग्नातल्या फोटोसारखं हसू. पोरगा म्हणाला, ‘‘सुपर!’’ आम्ही सगळे खूश. त्यात काही लबाडी असेल असं मला वाटलं नाही, आणि आजही मी म्हणत नाही, की त्यानं ठरवून केलं. पण माल दिला आणि व्यवहार बोललो नाही, ही चूक माझी. दुसऱ्या कुणाला मी ती करू दिली नसती.

मग टीम सुधारली. दोन उंच पोरं आली, नवा कोच आला, आणि एका वर्षी आमची टीम शुक्रवारी जिंकली. अल मन्सूऱ्याच्या हॉटेलात आम्ही एवढा आरडाओरडा केला, की मालकानं गल्ल्यावरून उठून विचारलं, कुणाला मुलगा झाला का? खरा आनंद हलगीवाल्याचा होता. त्याचं काम संपलं होतं. पुढच्या आठवड्यात तो कायमचा गावी निघणार होता, खलास. ‘‘दादा, एवढी वर्षं आलो,’’ तो मला म्हणाला, ‘‘फायनल आपली बगून जातो. मग काय न्हाई मागनं.’’

शनिवारी फायनल एका मोठ्या नव्या हॉलमध्ये होती. माझी बायको आणि मुलगीही आल्या होत्या. एव्हाना माझ्या तीन गाड्या झाल्या होत्या आणि मला फॅमिली व्हिसा मिळाला होता. चाचा रुमाल हातात घेऊन सगळ्यांत पुढं. गेटवर नेपाळी गार्डनं हात आडवा केला.

‘‘सर, आज फॅमिली ओन्ली. बॅचलर अलाउड नहीं.’’

‘‘बॅचलर कौन?’’ मी विचारलं.

त्यानं हनुवटीनं माझ्यामागची सगळी रांग दाखवली. रांगेत ज्याच्या मुलीचं लग्न ठरलंय असा माणूस होता. ज्याला नातू झालाय असे चाचा होते. पण या देशात ज्याची बायको त्याच्याबरोबर राहत नाही तो बॅचलर. बायको का राहत नाही, तिला आणण्याएवढा पगार त्याला कोण देत नाही, हे कुणी विचारत नाही. मॉलमध्ये, बागेत, समुद्रावर हा शब्द आम्ही पुष्कळदा गिळला होता. पण इथं? जिथं रिकाम्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं आम्ही घसा फोडला तिथं? खुर्च्या रिकाम्या होत्या तोवर आम्ही फॅन होतो. खुर्च्या भरल्या आणि आम्ही बॅचलर झालो.

मी काही बोलणार तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. ‘‘ये सब मेरे भाई हैं,’’ ती गार्डला म्हणाली.

हे खोटं नव्हतं. दर दिवाळीला भाऊबीजेला ती या सगळ्यांना आमच्या घरी ओवाळते. पाट एकच, म्हणून पाळीपाळीनं बसतात. चाचाही बसतात, आणि टोपीवर तांदूळ नको, आत जाऊन टोचतात, म्हणून दरवर्षी तक्रार करतात.

गार्डनं रांग वरपासून खालपर्यंत पाहिली. ‘‘मॅडम, सब?’’

‘‘सब.’’

‘‘ये चाचा भी?’’

‘‘ये सबसे बडे हैं.’’

चाचांनी टोपी सरळ केली. ‘‘बचपन से तकलीफ देती है,’’ ते म्हणाले.

गार्ड हसला. बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं, तोही कुठल्यातरी खोलीत आमच्यासारखाच बॅचलर. त्यानं आतून कॉलेजच्या माणसाला बोलावलं. आणि आला कोण? तोच बदली खेळाडू, आता गळ्यात पट्टा, कॉलेजात खेळांचं बघणारा साहेब. माझ्या गाडीत मागच्या सीटवर झोपून जायचा तो.

‘‘अंकल! आय लव्ह यू गाइज. पण हा हॉलचा नियम आहे. तुम्ही, आंटी, तुमची मुलगी, बस, फॅमिली.’’

‘‘सगळे,’’ मी म्हणालो.

‘‘अंकल, इम्पॉसिबल.’’

इथं माझा तोल गेला. गिऱ्हाइकासमोर चिडायचं नाही, हे आईनं मला लहानपणी पाटीवरून टपली मारून शिकवलं होतं. पण मी चिडलो. मराठीत, हिंदीत आणि जेवढी येते तेवढ्या अरबीत ओरडलो. आसपासच्या फॅमिल्या आपापली मुलं जवळ ओढायला लागल्या. चाचा माझी बाही धरून म्हणाले, ‘‘अरे बाबा, कशाला तोंडाची वाफ घालवतोस?’’

आणि तेवढ्यात आतून हलगी वाजली.

दार किलकिलं होतं. मोठ्या स्पीकरवरून, सगळा हॉल भरून, तीच हलगी. तोच ठेका, तोच शेवटचा तडाखा. आमच्या माणसाची हलगी तर त्याच्या काखेत होती, कापडी पिशवीत. आम्ही सगळ्यांनी आधी त्या पिशवीकडे पाहिलं, मग दाराकडे. त्यानं मान जरा वाकडी करून ऐकलं.

‘‘दादा,’’ तो हळू म्हणाला, ‘‘ही माझी हाय.’’

मी त्या साहेबाकडे वळलो. ‘‘याचा हात आत वाजतोय, आणि याला तू बाहेर उभा करतोस?’’

त्याचं तोंड उतरलं. खरंच उतरलं, खोटं कशाला सांगू? त्यानं गार्डकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. ‘‘ओके. एक जण. आंटीचा भाऊ म्हणून. बट नो ड्रम, अंकल, प्लीज.’’

एक! मी नाही म्हणणार होतो. असल्या भावानं मी केळीसुद्धा विकली नसती. पण मागून सगळ्यांनी हलगीवाल्याला पुढं ढकललं. ‘‘जा रे, तू जा, तुझं तिकीट निघालंय.’’ तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला जायचं होतं. त्याच्या डोळ्यांत ते इतकं उघडं दिसत होतं, की मी बाजूला झालो. त्यानं पिशवी माझ्या हातात दिली. माझ्या मुलीनं त्याचा हात धरला. ‘‘मामा, कम, यल्ला.’’ बायकोनं पदर खांद्यावर घेतला आणि तिघं आत गेले.

मलाही जाता आलं असतं. गेलो नाही. त्यात त्याग वगैरे काही नव्हता. फसलेल्या सौद्याचा माल मी उचलत नाही, एवढंच. मी गाडीत येऊन बसलो, मांडीवर हलगी, आणि सगळे माझ्याभोवती दाटीवाटीनं. मुलगी फोनवर स्कोअर पाठवत होती. मधूनमधून दार उघडायचं आणि आतला ठेका पार्किंगपर्यंत यायचा. चाचा मला म्हणाले, ‘‘वाजव की.’’ मी म्हटलं, ‘‘मला येत नाही.’’ ते म्हणाले, ‘‘मग एवढी घट्ट कशाला धरलीस?’’

टीम जिंकली. आमची टीम अजिंक्य झाली ते मला फोनच्या पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरांत कळलं: वॉव.

मी त्या साहेबाला आणि कॉलेजला काय काय सुनवायचं ते मनात रचत होतो, तोच हलगीवाला आला. मला वाटलं, हा आतून पेटलेला असणार. याच्या हाताची चोरी झाली, याला आवाज बंद करून बसवलं. पण त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा उजळला होता.

‘‘दादा, केवढ्यानं वाजत हुती! आवं, एवढी मला जन्मात वाजवाय आली नसती. छतापतूर! पोरं नाचत हुती.’’

‘‘तुला राग नाही आला?’’

‘‘कशाचा?’’

‘‘न विचारता वाजवली तुझी.’’

‘‘मग? माझीच वाजवली न्हवं? दुसऱ्याची तर न्हाई.’’

बायको म्हणाली, आत तो शेजारच्या प्रत्येकाला छातीवर बोट ठेवून सांगत होता, ‘माय, माय.’ कुणाला काही समजलं नाही. एका बाईनं त्याला पाण्याची बाटली दिली.

त्याला राग आला नाही, याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. त्याच्या वाटचाही मलाच करावा लागला. वर्षभर मी तो केला. तो गावी गेला, सेंट्रिंगच्या कामाला लागला. हलगी मला देऊन गेला. ती ऑफिसच्या भिंतीला टांगली आहे. कॉलेजच्या जाहिरातीच्या व्हिडिओत ती वाजते, आणि खाली आभार कुणाचे, तर हॉलचे, पाण्याच्या कंपनीचे आणि ‘आमच्या लाडक्या कुटुंबांचे’.

पुढच्या मोसमात साहेबाचा मेसेज आला. ‘अंकल, वी आर इन द फायनल! कमिंग?’ पुढं नाचणारे चेहरे. मी उत्तर दिलं नाही. ठरवलंच होतं, त्या दारात पुन्हा पाय ठेवायचा नाही. मग शुक्रवारी गावाहून फोन आला.

‘‘दादा, उद्या जाताय न्हवं?’’

‘‘नाही.’’

‘‘आवं, असं काय? माझी हलगी तितं वाजतीया अन् ओळखीचं कुणीच नसंल ऐकाय?’’

फोन ठेवला आणि डोकं चालायला लागलं. चिडलेलं डोकं नव्हे, बाजारातलं.

शनिवारी मी, बायको आणि मुलगी दार उघडायच्या आधी गेटवर. फॅमिली. गार्ड तोच, त्यानं सलाम केला. बाकीचे सगळे चाचांसह बाहेर गाडीत. चाचांचा रुमालांचा गठ्ठा माझ्या खिशात. आत गेलो आणि टीमच्या बाकामागं, ज्या जागेवर कॅमेरा रोखलेला असतो बरोबर तिथं, एकेक रुमाल टाकत गेलो. प्रत्येकाचा एक, आणि एक गावी गेलेल्याचा.

हॉल भरला. लोक जिन्यात उभे राहायला लागले. रुमालांकडे बघून येणाऱ्याला मी आणि बायको सांगत होतो, ‘‘येतायत, येतायत.’’ मुलगी लाजेनं खाली बघत होती. ‘‘पप्पा, एव्हरीवन इज स्टेअरिंग.’’ मॅच सुरू झाली. मोठ्या पडद्यावर आमच्या टीमच्या मागं पांढऱ्या-निळ्या रुमालांच्या रिकाम्या खुर्च्या दिसायला लागल्या. साहेब धावत आला.

‘‘अंकल, या जागा द्या, प्लीज. लाइव्ह चालू आहे.’’

‘‘या जागांची माणसं बाहेर गाडीत आहेत.’’

‘‘चार सोडतो.’’

‘‘सगळी.’’

‘‘सहा. फायनल.’’

मी पडद्याकडे पाहिलं. या वेळी मी आवाज चढवला नाही. ज्याला घाई असते तो हरतो, आणि घाई त्याला होती. तो कानातल्या यंत्रात कुणाशीतरी बोलला, दोनदा माझ्याकडे पाहिलं, आणि दाराकडे हात केला.

ते सगळे आले तेव्हा दुसरं सत्र चालू होतं. एका ओळीत, इस्त्री केलेले शर्ट, पाय न वाजवता, जणू कुणाच्या लग्नात उशिरा पोचलेत. चाचांनी आपला रुमाल उचलला, त्यानंच तोंड पुसलं आणि बसले. ‘‘काय किंमत पडली?’’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘आपल्याच जागेची कसली किंमत?’’ साहेब माझ्याकडे बघून हसला, थँक्यू म्हणेन म्हणून थांबला. मी म्हणालो नाही. माझ्याच घरात मला पाणी देऊन उपकार केल्यासारखा चेहरा करू नये कुणी.

एक रुमाल राहिला होता, माझ्या शेजारच्या खुर्चीवर. थोड्या वेळानं कॉलेजची एक स्वयंसेविका वाकून म्हणाली, ‘‘सर, इज एनीवन सिटिंग हिअर?’’

आमच्या पोरानं तेवढ्यात बास्केट केली. स्पीकरवर हलगी कडाडली आणि तो शेवटचा तडाखा छताला जाऊन लागला.

‘‘येस,’’ मी म्हणालो. ‘‘लिसन.’’